तळातलं लोणचं

ज्या घरात सोनं पुरलेलं नाही असं जुनं घर महाराष्ट्रात अजून बांधलं गेलेलं नाही. भिंतींचे पोपडे निघालेले असोत, वाशांना वाळवी लागलेली असो, मालक दर महिन्याला विजेचं बिल उजेडात धरून पुन्हा पुन्हा वाचत असो; पण "आमच्या वाड्यात हंडा आहे बरं का" हे वाक्य त्या घरात निदान एकदा तरी बोललं गेलेलं असतंच. आणि हंडाच. तपेलं नाही, गडू नाही, डबा नाही. सोनं पुरायचं ठरलं की आपले पूर्वज थेट पाण्याचं भांडं रिकामं करून घ्यायचे, अशी एकूण समजूत आहे. एवढं हंडाभर सोनं ज्याच्याकडे होतं, त्याचा मुलगा सावकाराच्या ओटीवर टोपी काढून का बसत होता, असं कुणी विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं: "अहो, पुरलं होतं ना!"

हंड्याचा साक्षीदार नेहमी मेलेला असतो. त्यानंही हंडा स्वतः पाहिलेला नसतो; त्याच्या चुलत्यानं पाहिलेला असतो, तोही आषाढात, रात्री, कंदिलाच्या उजेडात. हंड्यावर नाग असतो आणि त्या नागाला मिशा असतात. शेदीडशे वर्षं पगार नाही, रजा नाही, निवृत्ती नाही, तरी पहारा सोडत नाही, असा कर्मचारी सरकारी कचेरीतही मिळायचा नाही. शिवाय हंडा एका जागी राहत नाही, तो सरकतो. आमच्या वाईच्या घरातला हंडा माझ्या लहानपणी बळदाखाली होता. काकांनी बळद बुजवून तिथे फरशी घातली, तेव्हा तो न्हाणीघराकडे सरकल्याचं सांगण्यात आलं. पुढे न्हाणीघरात गिझर बसला आणि हंडा शेजाऱ्यांच्या हद्दीत गेला. तेव्हापासून शेजाऱ्यांशी आमचे संबंध थोडे ताणलेले आहेत.

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू, आणि पायाळू माणसाला जमिनीखालचं धन दिसतं, ही आणखी एक समजूत. आमच्या आळीत असे एक गृहस्थ होते. जमिनीखालचं त्यांना सगळं स्वच्छ दिसे म्हणत. जमिनीवरची पायरी मात्र दिसत नसे, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट सगळीकडे हसण्यावारी राहिलेली नाही. गुप्तधनापायी माणसं माणसांच्या जिवावर उठली आहेत, आणि म्हणूनच २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अमानुष कृत्यं मुद्दाम घालावी लागली.

वाईत हा आजार जरा जास्तच. कृष्णेच्या घाटावर थोडा वेळ बसलं की पेशवाई गेल्याच मंगळवारी संपली असं वाटायला लागतं. तीनेक किलोमीटरवर मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा. नाना १८०० मध्ये वारले. आपली दौलत कुठे ठेवली ते न सांगताच ते गेले, ही दंतकथा निघाली आणि पंचक्रोशीतल्या घराघराला वाटू लागलं की आपल्याकडेच. वास्तविक या भागात खरं घबाड निघालं ते कागदांचं. मेणवलीच्या वाड्यातून नानांचं दप्तर निघालं. इतिहासाचार्य राजवाड्यांच्या हाती वाईत पेशवाईतली पत्रं लागली आणि त्यातून १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें'चा पहिला खंड उभा राहिला. पण कागद निघाले की आमचा वाईकर हिरमुसतो. रुमाल उचलून खाली काही चमकतंय का ते पाहतो.

या सगळ्या कथा ऐकत मोठं झाल्यावर माझं एक मत झालं आहे आणि ते बदलण्याची मला गरज दिसत नाही. आपल्याकडे मौल्यवान वस्तू चोरापासून लपवत नाहीत. घरच्यांपासून लपवतात.

चोराचं काय, तो येतो एका रात्री, घाईत असतो, कपाट उचकटतो आणि जातो. त्याला फसवायला साधं कुलूपही पुरतं. घरची माणसं चाळीस-चाळीस वर्षं मुक्कामाला असतात, त्यांना रिकामा वेळ असतो आणि 'सहज आवरत होते' हे कारण असतं. त्यामुळे लपवण्याची जागा निवडताना एकच प्रश्न असतो: इथे कुणाचा हात जात नाही? तांदळाच्या डब्यात सुनेचा हात जातो, म्हणून तो बाद. देवघरात सासऱ्यांचा जातो, तेही बाद. पुरुषांना या शास्त्रात गती नाही. ते पुस्तकात नोटा ठेवतात आणि पुस्तक विसरतात. आमच्या एका नातेवाइकांनी 'गीतारहस्या'त पाचशेच्या नोटा ठेवल्या होत्या. ग्रंथनिवड अचूक होती. घरात तो ग्रंथ कुणी उघडला नाही, त्यांनी स्वतःही नाही, आणि नोटा सापडल्या त्या रद्द झाल्यानंतर.

बायकांची कामगिरी वेगळीच. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पंतप्रधानांनी नोटाबंदी जाहीर केली आणि पुढच्या काही दिवसांत महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांतून जो पैसा बाहेर आला, त्याला तोड नाही. रव्याच्या डब्याखालचा, जुन्या पैठणीच्या घडीतला, बाळाच्या दुपट्यात शिवलेला. आपण एका सधन बाईशी लग्न केलं आहे, हे कितीतरी नवऱ्यांना त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं.

आता आमच्या घरचं सांगतो. हंडा नव्हे. हंडा अजून शेजाऱ्यांकडेच आहे.

माझे आजोबा मास्तर होते. शाळेतला खडूचा तुकडा चुकून खिशात आला तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन देणारे. अशा माणसाबद्दल गावात आदर असतो आणि घरात धास्ती असते. १९६२ मध्ये चीनचं युद्ध झालं. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले. आपल्या सातारा जिल्ह्याचा माणूस संरक्षण सांभाळायला गेला, तेव्हा आपणही काही दिलं पाहिजे, हे आजोबांच्या मनानं घेतलं. देशभर बाया अंगावरचे दागिने संरक्षण निधीत देत होत्या. आजोबांनी भर सभेत उभं राहून सोन्याच्या पाटल्या दिल्या. टाळ्या पडल्या. पाटल्या आजीच्या होत्या. आजी सभेला नव्हती. घरी भाकऱ्या थापत होती.

तिचा देणगीला विरोध नव्हता. "मागितल्या असत्या तर दिल्या असत्या की," एवढंच ती म्हणायची. पण त्या दिवसापासून नवऱ्याच्या प्रामाणिकपणाकडे ती सावधपणे बघायला लागली.

लगेच पुढच्या जानेवारीत मोरारजी देसाईंचं सुवर्ण नियंत्रण आलं. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायचे नाहीत, आणि दागिने सोडून बाकीचं सोनं, म्हणजे लगडी, चिपा, नाणी, सरकारला जाहीर करायचं. सोन्याचा भाव तेव्हा दहा ग्रॅमला शंभर-सव्वाशेच्या घरात होता. भारताला परकीय चलनाची चणचण होती आणि लोकांनी सोन्याचा नाद सोडावा असं मोरारजींना वाटत होतं. देशात हे मनापासून पटलेले फार लोक नसावेत. आजोबा त्यांतले एक.

घरात उरलेला एकच डाग होता, आजीची पुतळ्यांची माळ. आजोबांनी चष्मा पुसला आणि माळ हातात घेतली. पुतळी म्हणजे मुळात नाणं. ते पटवेकऱ्यानं रेशमात गाठवलं म्हणून दागिना. "आणि हा दोरा जीर्ण झालाय," आजोबा म्हणाले. "उद्या तुटला की ही सगळी नाणी. जाहीर न केलेली नाणी. म्हणजे आपण गुन्हेगार." आजी म्हणाली, "मग दोरा बदलून आणा." आजोबांना हे पळवाटेसारखं वाटलं. ते कचेरीतून छापील अर्ज घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ नव्हती. आजीनं सांगितलं, काल गणपतीच्या घाटावर गर्दीत गळ्यातून गेली. स्वतः कधी खोटं न बोलणाऱ्याला दुसऱ्याचं खोटं ओळखण्याचा सराव नसतो. आजोबांनी लगेच टोपी घातली आणि पोलीस चौकीत तक्रार द्यायला निघाले. त्यांना थांबवायला आजीला माळ लपवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले म्हणतात. अखेर "संक्रांतीच्या तोंडावर पोलीस दारात नकोत" यावर निभावलं. हे सगळं आम्हाला पुष्कळ वर्षांनी आत्यानं सांगितलं. ती तेव्हा परकरात होती आणि दाराआड उभी होती. आमच्या घराण्याचा इतिहास बहुतेक दाराआडूनच लिहिला गेला आहे.

आता बरणी. वाईच्या घराच्या माळ्यावर चिनी मातीची एक मोठी बरणी होती. त्यात खारातलं लिंबू. तेल नाही, मोहरी नाही, नुसतं मीठ आणि लिंबू, जे वर्षागणिक काळं पडत जातं आणि जितकं काळं तितकं औषधी. पोट बिघडलं, तोंडाला चव नाही, गाडी लागली, परीक्षेचं टेन्शन आलं, सगळ्यावर त्यातली एक फोड. बरणीच्या तोंडाला दादरा, त्यावर घट्ट सुतळी, आणि त्यावर आजीचा कायदा. बरणीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. ओल्या हातानं बुरशी येते, आंघोळ न करता लावला तर लोणचं नासतं, आणि 'अडचणीच्या' दिवसांत तर सुनांची सावलीही नको. आजी एरवी या बाबतीत तितकी कडक नव्हती. त्या दिवसांत सुना चहा करायच्या, ताटं वाढायच्या, चालायचं. बरणीपुरतं मात्र सोवळं पेशवाईतलं. माझी आई आणि दोन्ही काकू याबद्दल मनातल्या मनात धुसफुसत असत आणि ते रास्तच होतं. त्या विटाळाच्या कल्पनेत तथ्य काडीचं नव्हतं. पण घरात एकाच वेळी तीन सुना असताना ज्याला एकही किल्ली लागत नाही असं कुलूप तिनं शोधून काढलं होतं, हेही मान्य करायला हवं.

दर वर्षी लिंबं स्वस्त झाली की ती वरून नवी भर घालायची. त्यामुळे बरणी कधी संपलीच नाही आणि तळ कुणाला दिसला नाही. वाढताना ती वरची बाजू बेतानं बाजूला सारून मधलं काढायची. "तळाचं अजून मुरायचंय," म्हणायची. तळाचं माझा जन्म होण्याआधीपासून मुरत होतं.

सुवर्ण नियंत्रणाचा १९६८ मध्ये रीतसर कायदा झाला. तो रद्द झाला १९९० साली, आणि तोही आपल्या राजापूरच्या मधू दंडवत्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात. म्हणजे त्या वर्षी आजीला बरणीत हात घालून माळ गळ्यात घालता आली असती. आजोबा तोवर वारले होते. पण आता सुना आल्या होत्या, त्यांची मुलं मोठी होत होती, आणि 'माळ कुणाला?' हा प्रश्न सुवर्ण नियंत्रणापेक्षा अवघड होता. सरकारपासून आणि नवऱ्यापासून लपवलेली वस्तू तिनं मुलांपासून लपवत ठेवली. शेवटच्या आजारात ती वारंवार एवढंच म्हणे, "बरणी सांभाळा गं." आम्ही डोळे पुसले. स्वयंपाकघरात बाईचा किती जीव गुंतलेला असतो, असं थोरले काका सद्गदित होऊन म्हणाले.

पुढे घर विकासकाला द्यायचं ठरलं आणि सामानाच्या वाटण्यांसाठी सगळे वाईला जमले. जुन्या घरातल्या वाटण्या हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. तांब्याचं घंगाळ सगळ्यांना हवं होतं, कारण पुण्यात लोक त्यात झाड लावतात. जातं कुणालाच नको होतं, कारण ते उचलावं लागतं. समयांची जोडी फोडायची नाही यावर एकमत झालं आणि ती कुणी घ्यायची यावर दुपार गेली. अडकित्त्यावरून दोन काकांत अबोला झाला. दोघेही सुपारी खात नाहीत. अशा वातावरणात बरणी खाली उतरवण्यात आली.

आजीचं लोणचं. भावना उचंबळून आल्या. तीन सुना, एक लेक, चार वाटे. आत्या म्हणाली, "मला नको. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, बीपी आहे." उरले तीन वाटे. थोरल्या काकूंनी मोठेपणानं पहिला वाटा घेतला. वरच्या फोडी ताज्या, सोनेरी, दिसायला चांगल्या. मधलं आईच्या बरणीत गेलं. तळाशी काळाकुट्ट गाळ उरला. तो काढायचा, मग बरणी घासायची, हे कुणी करावं? "अगं, तू बरणीसकटच ने," थोरल्या काकू धाकट्या काकूला म्हणाल्या. "तुला आवडते ना जुनी बरणी!" धाकटी काकू गरीब स्वभावाची. तिनं कोथरूडपर्यंत ती बरणी मांडीवर घेऊन प्रवास केला आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली.

घरी जाऊन गाळ स्टीलच्या पातेल्यात उपसताना आवाज आला. लिंबाच्या बियांचा असा आवाज येत नाही. पुरचुंडीचं कापड आणि रेशमाचा दोरा मिठानं आणि आम्लानं केव्हाच विरून गेले होते. पुतळ्या तेवढ्या लखलखीत होत्या. सोन्याला लिंबू काही करू शकत नाही. ते विरघळवायला नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचं मिश्रण, अम्लराज, लागतं. उलट सोन्यात मिसळलेलं तांबं असतं त्याला पृष्ठभागावरून लिंबू थोडं खातं आणि सोनं जास्तच उजळतं. पेढीवर पुसून ठेवावं तशी माळ साठ वर्षं आपोआप घासली जात होती.

धाकट्या काकूनं हे कुणाला सांगितलं असतं की नाही, ते आता कळायला मार्ग नाही. मला विचाराल तर सांगितलं असतं, फक्त सवडीनं. पण तिच्या मुलानं आईचा ओला हात आणि हातातल्या पुतळ्या असा फोटो काढून परिवाराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिला. एरवी त्या ग्रुपवर सुप्रभातालाही सतरा नमस्कार येतात. या फोटोवर बराच वेळ काहीच आलं नाही. मग सगळ्यांचे फोन एकदम वाजायला लागले.

थोरल्या काकूंनी आपलं लोणचं तातडीनं पुरणाच्या चाळणीतून काढलं. त्यांना दोन पुतळ्या मिळाल्या. आनंदानं त्यांनीही फोटो टाकला आणि तिथेच घात झाला. माझा इंजिनिअर चुलतभाऊ उत्साहानं हिशेब करायला बसला. सोनं पाण्याच्या एकोणीस पटींहून जड. ते वर तरंगत येणार नाही. काकूंनी तर फक्त वरच्या फोडी घेतल्या होत्या. तेव्हा या दोन पुतळ्या त्यांच्या बरणीत आल्या कशा? थोडा वेळ शांततेत गेला. "डाव जरा खोल गेला असेल," थोरल्या काकूंनी शेवटी लिहिलं. आपल्या वाट्यात तळातलंही हळूच ओढून घेतलं होतं, हे त्यांच्याकडून वदवून घ्यायला आर्किमिडीजची पुण्याई कामी आली.

आमच्या घरी मधलं आलं होतं. मधल्यात काही नव्हतं. हे वाक्य आई आजतागायत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते आहे आणि आजतागायत कुणी त्यावर पूर्ण विश्वास ठेवलेला नाही. शिवाय अर्धं लोणचं आम्ही खाऊन संपवलं होतं. एका काकांनी, अगदी काळजीच्या सुरात, आमच्यापैकी कुणाला पोटाचा एक्स-रे काढून घ्यायचा आहे का, अशी चौकशी केली.

मग वकील चुलतभावानं सूत्रं हाती घेतली. त्याला पहिली काळजी कलेक्टरची. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा निधी सापडला की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवला तर वर्षापर्यंत कैद. दहा रुपयांची ती मर्यादा सव्वाशेहून जास्त वर्षांत हललेली नाही, त्यामुळे आज कुणाला जमिनीत वडापाव सापडला तरी विचार करावा लागेल. पण कायदा जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत दडवलेल्या धनाचा आहे. घर जमिनीला जोडलेलं आहे. बरणी घराला जोडलेली नव्हती. "लोणचं ही जंगम मालमत्ता," असा त्यानं निर्वाळा दिला. शिवाय मालक कोण ते माहीत होतं. आजी.

आणि इथेच खरी गाठ होती. आजीनं मृत्युपत्र केलेलं नव्हतं, आजोबा आधीच गेलेले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा बाईची मालमत्ता मुलगे आणि मुली यांना सारखी. म्हणजे चार वाटे. त्यातला एक आत्याचा. "पण तिनं तर सोडला ना वाटा?" थोरले काका म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणाली, मला नको."

महाराष्ट्रात बहिणीचं 'मला नको' हे वाक्य भावांना अतिशय प्रिय आहे. जमिनीच्या वेळी ते हक्कसोडपत्रावर सहीच्या रूपात घेतात आणि बदल्यात साडी देतात. आमच्याकडे जमिनीची वेळ तीस वर्षांपूर्वीच झाली होती; आत्यानं सही केली होती आणि मोरपंखी साडीही मिळाली होती. यावेळी ती फोनवर अगदी शांतपणे म्हणाली, "दादा, मी मीठ सोडलं होतं. सोनं डॉक्टरांनी बंद केलेलं नाही." आमच्या घराण्यात इतका निर्णायक कायदेशीर युक्तिवाद आजवर कुणी केलेला नाही, वकील चुलतभावानंही नाही.

पुतळ्या सोनाराकडे नेल्या. त्यानं भिंग लावलं. आत्याच्या मते त्यावर विठ्ठल-रखुमाई होते. लहानपणी ती माळेला नमस्कार करायची. सोनार म्हणाला, "ताई, हा व्हेनिसचा राजा आहे आणि तो एका ख्रिस्ती संतापुढे गुडघे टेकून बसलाय." युरोपातल्या व्हेनिस या व्यापारी नगरराज्यानं १२८४ पासून ड्यूकॅट नावाचं सोन्याचं नाणं पाडलं. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध. व्यापाराबरोबर ते आपल्याकडे आलं, इथल्या सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या आणि त्यांची पुतळी झाली. व्हेनिसचं प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियननं संपवलं, त्यांचा संत मार्क मात्र आमच्या आजीच्या गळ्यात मंगळागौरी जागवत राहिला आणि नंतर लिंबाच्या खारात मुरला. आमच्या पुतळ्या साडेतीन ग्रॅमपेक्षा हलक्या भरल्या, म्हणजे नकलाच. थोरल्या काकूंचा चेहरा उतरला. "वहिनी, नक्कल चित्राची आहे, सोन्याची नाही," सोनार म्हणाला. वजन त्यानं ग्रॅममध्ये सांगितलं. काकांनी ते तोळ्यात मागितलं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि बाजारातला आजचा दहाचा, त्यामुळे त्याच पुतळ्या काहींच्या हिशेबानं जास्त तोळे भरल्या आणि काहींच्या हिशेबानं कमी, आणि दोन्ही बाजूंना लबाडीचा संशय आला. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला लाखाची रेघ ओलांडली होती, हे सांगितलं म्हणजे संशयाची खोली लक्षात येईल.

धाकट्या काकूकडच्या एकोणीस आणि थोरल्या काकूंकडच्या दोन मिळून एकवीस. चौघांना पाच-पाच. एक उरते. ती ढोल्या गणपतीला वाहावी असं एक मत आलं. ती आजोबांच्या नावानं संरक्षण निधीत द्यावी, असं आत्यानं सुचवलं; तेव्हा मात्र अडकित्त्यापासून अबोला धरलेले दोन्ही काका एकाच वेळी 'नको' म्हणाले.

पण आत्या म्हणते, माळ मुळात बत्तीस पुतळ्यांची होती. धाकटी काकू म्हणते, तिच्या पातेल्यात होत्या त्या सगळ्या तिनं दाखवल्या. थोरल्या काकू काही म्हणत नाहीत. आई म्हणते, मधल्यात काही नव्हतं. यावर एकच पुरावा आहे: थोरल्या काकांच्या मुंजीतला, सुवर्ण नियंत्रणाच्या आधीचा एक फोटो. त्यात आजी उभी आहे, माळ गळ्यात आहे आणि भिंगातून चौदा पुतळ्या स्पष्ट मोजता येतात. बाकीच्या पदराखाली आणि मानेमागे आहेत.

तरी वाईकडच्या वाचकांना विनंती. १९६२ पूर्वी आपल्या घरी झालेल्या एखाद्या लग्नामुंजीच्या फोटोत पाठमोरी उभी असलेली, अंबाड्यात अबोलीचा गजरा माळलेली, उंच, सडसडीत बाई दिसत असेल, तर कृपया फोटो जपून ठेवावा आणि आम्हाला कळवावं. मानेमागच्या पुतळ्या मोजून झाल्या की तो परत केला जाईल. येण्याजाण्याचा खर्च चौघा वारसांत सारखा वाटून दिला जाईल, आणि लोणचं हवं असल्यास आमच्याकडे मधलं अजून शिल्लक आहे.